डबलची उत्तरं

डबल उभ्यानं जेवायचा. तुरुंगाच्या बराकीत आम्ही सगळे थाळ्या घेऊन बसायचो आणि हा भिंतीपाशी उभा. मधूनच घास ठेवून उजवा हात खाली दाबायचा, पुन्हा वर घ्यायचा. भोसरीच्या एका कारखान्यात त्यानं आठ वर्षं प्रेस मशीनवर काढली होती. मशीन सुटलं तरी हात काही थांबला नव्हता.

लागोपाठ दोन शिफ्ट करायचा, म्हणून डबल. चाकणच्या बाजूला गावात घर बांधायला काढलं होतं. झोप येऊ नये म्हणून नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यावर ट्रकवाले घेतात त्या जागरणाच्या गोळ्या हाही घ्यायला लागला. पुढं चार-चार दिवस डोळ्याला डोळा लागेना. कामाचे तास लिहिणारा टाइमकीपर आपल्या मशीनमध्ये बसून शिव्या देतो, असं त्याच्या डोक्यानं घेतलं आणि एके दिवशी त्यानं त्या बिचाऱ्याच्या डोक्यात पाना घातला. माणूस वाचला, डबलला शिक्षा झाली. मी संपातल्या मारामारीपायी आत होतो. दोघंही कारखान्यातले, म्हणून आमचं जमलं.

स्वभावानं अगदी गरीब. सगळ्यांच्या घोंगड्या घडी घालून ठेवायचा, कुणी न सांगता बराक झाडायचा. जरा टेक की, म्हटलं तर म्हणायचा, "बसलं की ते बोलाया लागत्यात, राव." ते म्हणजे टाइमकीपर. बिड्यांच्या बंडलावर आतही गोळ्या मिळायच्या. मिळाल्या की हा तीन दिवस फरशी घासत सुटायचा, मग मेल्यासारखा पडायचा, आणि उठला की कानातले आवाज दुप्पट. एकदा चिडून मी त्याच्या गोळ्या संडासात टाकल्या. मला वाटलं, आता हा अंगावर येणार. तो नुसता रडत बसला.

अधूनमधून मनाचा डॉक्टर कैदी तपासायला यायचा. आमच्यात एक समजूत पक्की होती: शिक्षेला सुटकेची तारीख असते, वेड्यांच्या इस्पितळाला नसते. आमच्या बराकीतून तिकडं गेलेला एक जण परत दिसला नव्हता. तेव्हा डबलला वाचवायचं ठरलं आणि हेडमास्तर झालो मी. रोज संध्याकाळी मी डॉक्टर व्हायचो. झोप लागते का? आवाज येतात? कुणी मागावर आहे? तो अडखळला की मी रागवायचो. महिन्याभरात त्याची उत्तरं घोटून पक्की झाली. डॉक्टरनं त्याला ठीक ठरवलं, त्या दिवशी मी माझ्या वाटचा गूळ त्याला दिला. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

मी आधी सुटलो, दोनेक वर्षांनी तो. त्यानंतर वर्षभरात त्याची बायको माझ्या पिंपरीच्या खोलीवर आली. कपाळाला टाके पडलेले. ढाब्यावरच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. आता टाइमकीपर पिठाच्या डब्यात बसला होता, आणि डबा फोडताना ही मधे आली होती.

"भाऊजी, ते वाईट न्हाईत," ती म्हणाली. "पर उद्या माज्या पोरीच्या डोक्यात घातलं तर?"

आम्ही दोघांनी त्याला वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तो मुकाट आला. आंघोळ केलेली, केसांना तेल. डॉक्टरांनी विचारलं तसा तो हात बांधून उभा राहिला आणि त्यानं सगळी उत्तरं दिली. एकदाही अडखळला नाही. शेवटी त्यानं माझ्याकडं पाहिलं, शाबासकीसाठी. बायको सांगत होती ते नवराबायकोचं भांडण समजून डॉक्टर टॉनिक लिहायला लागले. वहिनींनी मान खाली घातली.

मी म्हणालो, "साहेब, हा खोटं बोलतोय. ही उत्तरं मीच शिकवलीत त्याला."

त्याच दिवशी त्याला ठेवून घेतलं. डबलनं हुज्जत घातली नाही. वॉर्डबॉयच्या मागं चालत गेला.

मी महिन्याला वहिनींबरोबर भेटायला जायचो. वहिनींशी तो बोलायचा. घराच्या पत्र्यांचं विचारायचा, लेकीच्या शाळेचं विचारायचा. आज आवाज आले, काल नव्हते, हेही तिला सांगायचा. बरा होत होता. मग मी जवळ जाऊन विचारायचो, "कसा आहेस, राव?"

तो लगेच हात बांधायचा.

"झोप लागती, साहेब. आवाज येत न्हाई. मागावर कोन न्हाई."