मामाची कमेंट

आमची लेक नकला फार छान करते. हळदी-कुंकवाला आलेल्या बायका वाण हातात पडल्या पडल्या त्याची किंमत कशी ताडतात, हे तिनं डोक्यावर ओढणी घेऊन केलं तेव्हा माझ्या नवऱ्याला हसून हसून ठसका लागला. चौदा वर्षांची पोर! तिनं तो व्हिडिओ अॅपवर टाकला आणि आमचं अख्खं खानदान तिथं गोळा झालं.

आमच्या माणसांची एक खोड आहे. कमेंट म्हणजे त्यांना अंगणातली खाट वाटते, बसायचं आणि सगळं बोलायचं. आत्या विचारते, ताप उतरला का? काकू विचारते, क्लास कधी सुटतो? आणि ही बया सगळ्यांना उत्तरं देते. मैंदर्गीला शेती करणारा माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा मामा, त्यानं तर कहर केला. त्यानं लिहिलं, "लई भारी गं पोरी! शनिवारी चारच्या एसटीनं ये. आई सोलापुरात गाडीत बसवंल, हितं मी उतरवून घेतो. हुरडा हाय."

गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन भाकऱ्या थापत होते. लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मामाचा कुणी मित्र अक्कलकोटला राहतो का?"

"का गं?"

तिनं फोन पुढं केला. कुणा माणसानं तिला मेसेज केला होता. 'मी तुझ्या मामाचा दोस्त. शनिवारी चारच्या गाडीनं येतेस ना? अक्कलकोटला उतर, तिथून माझ्या कारनं जाऊ. मामाला, आईला सांगू नको, गंमत करू.'

तव्यावरची भाकरी करपली तरी मला भान नव्हतं. आणि मला भीती वाटली की रागच येतो, काय करणार!

"बंद कर ते थेर आधी! आण तो फोन इकडं! जगाला तोंड दाखवत फिरायची एवढी हौस? उद्यापासून फोनच बंद तुझा!"

तिनं फोन ओट्यावर ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"त्यानं तुला सांगू नको म्हटलं, तिथंच मला शंका आली. म्हणून तर सांगायला आले. आता तू अशी ओरडतेस, मग पुढच्या वेळी सांगू का नको, तूच सांग."

सणसणीत बसली मला. मी गॅस बंद केला. मामाची कमेंट वाचून टपलेल्या त्या मेल्याचा सगळा भरवसा याच्यावरच होता, की पोरगी आईला घाबरेल आणि गप्प बसेल. माझी पोर घाबरत का होईना, आली होती. तिला मी पिठाच्या हातांनीच जवळ ओढलं.

"सांगायचं. मी कितीही ओरडले तरी सांगायचं."

"पण तू ओरडू नको की."

"बघते," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

मग भावाला फोन लावला. ऐकताच तो ओरडला, "अक्का, असला कुणी दोस्त न्हाय माझा! मी पोरीचं कौतुक केलो की फक्त." काठी घेऊन अक्कलकोटला निघतो म्हणाला, त्याला कसंबसं बसवलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं चिंचोळीच्या कारखान्यात रजा टाकली आणि तिला घेऊन पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या बाई तिला म्हणाल्या, "लगेच दाखवलंस, लई बरं केलंस."

घरी आल्यावर तिनं स्वतःच खातं ओळखीच्यांपुरतं ठेवलं आणि सगळ्या नातेवाइकांना एकेक करून फोन लावले. कौतुक करा, पण शाळा, क्लास, गाडी यातलं एक अक्षर तिथं लिहायचं नाही! आत्याला दोनदा समजावावं लागलं. मामा आता नुसतं 'छान' लिहितो आणि मग फोन करून अर्धा तास बोलतो.

शनिवारी आम्ही तिघंही मैंदर्गीला गेलो. हुरडा खाता खाता तिनं मामाचीच नक्कल केली, काठी घेऊन निघालेल्या मामाची. तो लाजला आणि सगळ्यांत जास्त हसला.

काळजी काही गेलेली नाही. ती फोन घेऊन बसली की माझी नजर तिकडं जातेच. पण परवा ऑफिसातून येऊन मी चप्पल काढत होते, तर ती समोर उभी.

"आई, एक मेसेज दाखवायचाय. चिडशील?"

"चिडेन," मी म्हणाले, "पण तुझ्यावर नाही."

ती माझ्याजवळ येऊन बसली आणि फोन माझ्या हातात दिला.