लेकीच्या कानामागचा चट्टा

मैत्रिणींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आज शाळेसाठी लेकीची वेणी घालत होते. तिच्या कानामागे लालसर चट्टा दिसला, वर पांढरे पापुद्रे. मला बरीच वर्षं सोरायसिस आहे.

"आई, मला पण तुझ्यासारखं झालंय का?" तिने विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "तुझा टॉवेल वापरला असेल तिने." हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांना कितीदा सांगितलंय. घराण्यात असला तर मुलांना होऊ शकतो, एवढंच. तेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

माझंच मलम तिला लावणार होते, पण हात आवरला आणि तिला घेऊन माझ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिची नखं, कोपरं, डोकं नीट पाहिलं.

"सुरुवात असू शकते, साधा कोंडाही असू शकतो. सौम्य मलम देतो, महिन्याने बघू. तुमचं मलम हिला लावू नका, लहान मुलांना ते जास्त होतं."

"आणि असलं तर?" मी विचारलं.

"तर येत-जात राहील. पण आटोक्यात ठेवता येतं."

रिक्षात लेक म्हणाली, "वर्गात कोणी विचारलं तर काय सांगू?"

"खरं ते सांग. लाजण्यासारखं काही नाही त्यात."

"मग तू ऑफिसमध्ये का सांगत नाहीस?"

इंदिरानगर आलं, तशी मी रिक्षावाल्याला आमची गल्ली दाखवायला लागले. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?