कधीही नाही न म्हणणारे आबा

आमच्या फैजपूरला घरातले तांदूळ संपले तर 'संपले' म्हणत नाहीत, 'वाढले' म्हणतात. मीठ वाढलं, तेल वाढलं, कुंकू वाढलं. ही रीत बहुतेक घरांत असते, पण आबांच्या घरी ती डब्यांपुरती राहिली नव्हती. आबा कशालाच 'नाही' म्हणत नसत. दारात कुणीही काहीही मागायला येवो, आबा ओट्यावरून उठत, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेत आणि म्हणत, "पाहू ना. आपलंच काम हाये ते." तो माणूस जाताना हसत जाई. मी लहानपणी त्यांना एकदा विचारलं होतं, की तुम्ही कुणालाच नाही कसं म्हणत नाही? तर म्हणाले, "तोंडातून 'नही' निंघालं का घरातून लक्ष्मी निंघते, पोरी."

आबा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमच्या भाऊबंदांत सगळ्यांत मोठे. उंच, गोरे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खिशात बडीशेपेची डबी. रस्त्यात भेटेल त्या पोराच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवल्याशिवाय ते पुढे जात नसत. पंचायत समितीवर ते राखीव जागेवरून निवडून आले होते, आणि ते पडतील असं कुणालाही वाटलं नव्हतं. कसे पडणार? गावात प्रत्येकाला वाटायचं, आपलं काम आबांकडे आहे आणि ते होणारच आहे.

त्यांचा एक किस्सा गावभर सांगतात. एकदा केळीच्या कापणीला त्यांनी तीन व्यापाऱ्यांना एकच दिवस दिला. तिघांपैकी कुणाला नाही म्हणायचं? सकाळी मळ्याच्या तोंडाशी तीन ट्रक उभे राहिले आणि तिघांचे मजूर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. आबांनी तिघांना बाजेवर बसवलं, चहा पाजला, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घातली. माल एकाच ट्रकमध्ये गेला. बाकीचे दोघे रिकामे परतले, पण परतताना म्हणाले, माणूस मोठ्या मनाचा. हा किस्सा ऐकून मीही पोट धरून हसायचे. त्या दोन रिकाम्या ट्रकांपैकी एकात पुढे मीच बसणार आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?

बारावीनंतर मी नीटची परीक्षा दिली आणि मार्क चांगले पडले. ओबीसीच्या यादीतून धुळ्याच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला जागा मिळेल, असं जळगावच्या क्लासवाल्या सरांनी छातीठोक सांगितलं. आमच्या साऱ्या भाऊबंदांत तोवर डॉक्टर कुणी नव्हतं. वडील नुसते गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. पेढे मात्र आबांनी वाटले. आमच्या आधी वाटले. बसस्टँडपर्यंत जाऊन सांगत सुटले, "आपल्या घरातली पोरगी डाक्टर होनार."

आता ज्यांनी हा रस्ता तुडवलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. तो खरा आहे, असं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र लागतं. सगळे त्याला व्हॅलिडिटी म्हणतात. ते नसेल तर तुम्ही खुल्या यादीत, आणि खुल्या यादीत माझे मार्क कुठेच पुरणार नव्हते. माझे पणजोबा, आजोबा कुणी शाळेची पायरी चढलेले नव्हते, त्यामुळे शाळेचा जुना पुरावा आमच्याकडे नव्हता. समितीच्या जळगावच्या कार्यालयातल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी असेल तर तिची प्रत आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा, काम लवकर होईल. नात्यात एकाच माणसाकडे व्हॅलिडिटी होती. निवडणुकीसाठी काढलेली, आबांकडे.

आम्ही त्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हे काय सांगनं झालं? आपलंच काम हाये ते. उद्या येजो." मी दुसऱ्या दिवशी गेले. कपाटाची किल्ली धाकट्या मुलाकडे, तो पुण्याला. किल्ली आली तर स्टॅम्पपेपरवाला गावाला गेलेला. तो आला तर वकील आजारी. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी "बैस बरं पोरी", आणि निघताना तळहातावर बडीशेप. अठरा वर्षांची घोडी झाले होते मी, आणि रोज बडीशेप चघळत घरी यायचे. अजूनही हॉटेलात बिलाबरोबर बडीशेप आली की माझं डोकं फिरतं.

एकदा तर ते स्कूटरवर मला घेऊन चक्क जळगावला आले. म्हटलं, आज झालं. त्या दिवशी आबा गोलाणी मार्केटात कुणाला भेटले, नव्या पाइपांचा भाव विचारून आले, ओळखीच्या सोनाराकडे जावयाची अंगठी घडवायला टाकून आले. समितीच्या कार्यालयापाशी आम्ही पोचलो तेव्हा ते मला फाटकाशी उभं करून एकटेच आत गेले आणि लगेच बाहेर आले. साहेब रजेवर आहेत म्हणाले. मी पुढच्या आठवड्यात एकटी गेले तेव्हा त्याच बाई म्हणाल्या, साहेब त्या दिवशी दिवसभर खुर्चीत होते.

हे मी घरी सांगितलं. आई मूळची यावलकडची, तिला एक वाट माहीत होती. तहसील कचेरीत जुनी कोतवाल बुकं असतात, त्यात जन्म-मरणाच्या नोंदी जातीसह असतात. ती म्हणाली, पणजोबांची नोंद तिथं शोधू, आबांवर कशाला बसून राहायचं? वडिलांनी तिला गप्प केलं. "आबा हाव म्हने ना? मंग? आपन दुसरीकडं गेलो तर त्याले काय वाटीन? इश्वास नही आपला, असंच ना?" आमच्यात हेच आहे. भावानं शब्द दिल्यावर दुसरं दार ठोठावणं म्हणजे भावाच्या थोबाडीत मारणं. तो शब्द पोकळ असला तरी तो मोडायचा हक्क त्याचा, आपण फक्त वाट पाहायची. मला आबांइतकाच राग या रीतीचा येतो. आबांनी ती वापरली आणि वडिलांनी ती पाळली, आणि दोघांच्या मध्ये माझी जागा चिरडली.

यादी लागली. धुळ्याचं सरकारी कॉलेज, एमबीबीएस, माझं नाव. कागदपत्रं दाखवून प्रवेश घ्यायच्या शेवटच्या दिवशी मी आणि वडील धुळ्याला पोचलो. टेबलामागच्या क्लार्कनी फाईल शांतपणे चाळली आणि विचारलं, "व्हॅलिडिटी?" वडील म्हणाले, होऊन जाईल, माझा भाऊ करतोय. क्लार्क म्हणाले, "आज पाचपर्यंत नसेल तर जागा राहणार नाही. खोटी आशा दाखवत नाही तुम्हाला." कित्येक आठवड्यांत मला सरळ उत्तर देणारा तो पहिला माणूस होता, आणि तो परका होता.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडायला लागले. शेजारी साक्रीकडची एक बाई आपल्या मुलीचा नंबर यायची वाट पाहत बसली होती. तिनं मला पाणी दिलं. "रडू नको माय. कागद कोनाकडे शे तुना?" काकांकडे, म्हटलं. "तुना काका नही म्हनस का?"

"नाही म्हणत नाहीत, मावशी," मी म्हटलं. "म्हणाले असते तर कधीच दुसरीकडे गेले असते."

समोर वडील फोनवर बोलत होते. आबांचा आवाज मोठा, मला इथवर ऐकू येत होता. "हाव हाव, काळजी कायले करतं? संध्याकाळी बसून करून टाकू." वडिलांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "करतो म्हने." घड्याळात चार वाजून गेले होते. फैजपूर तिथून कित्येक तासांवर. पाच वाजता ती जागा गेली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षा दिली. आईनं या वेळी कुणाला विचारलं नाही, सरळ यावलला जाऊन बसली. कोतवाल बुकात पणजोबांची नोंद निघाली आणि पावसाळ्याआधी माझी व्हॅलिडिटी हातात आली. म्हणजे आबांच्या कागदाची गरजच नव्हती. गरज होती ती पहिल्याच दिवशी कुणीतरी आम्हाला मोकळं करण्याची. पण त्या वर्षी पेपर अवघड गेला, मार्क घसरले आणि यादी माझ्या वर बंद झाली. मी आयुर्वेदाला गेले. आज पाचोऱ्यात माझा दवाखाना आहे, पेशंट विश्वासानं येतात आणि मला माझ्या कामाची लाज नाही. पण मला सर्जन व्हायचं होतं. ते मी झाले नाही, आणि ते का झाले नाही हे मला दिवसासकट माहीत आहे. आयुर्वेदाला प्रवेश मिळाला तेव्हाही पेढे आबांनीच वाटले.

दवाखान्यात मला लोक फटकळ म्हणतात. माझ्या हातातलं नसेल तर मी पहिल्या पाच मिनिटांत सांगते, हे माझ्याकडे होणार नाही, जळगावला न्या, आत्ता न्या. लोकांना राग येतो. येऊ दे. रागावून का होईना, ते वेळेत पोचतात. हे शिक्षण मला कुठल्या कॉलेजात मिळालं नाही, आबांच्या ओट्यावर मिळालं.

गेल्या वर्षी आबांचं यकृत गेलं. जळगावच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पोट ताठ फुगलेलं, डोळे हळदीसारखे. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगत होता, आबा, व्हाल बरे, केळीची कापणी करायची आहे अजून. मुलं तेच सांगत, सुना तेच सांगत. त्या घरात तेच शिकवलं होतं. आबांनी मला बोलावणं धाडलं. मी जाणार नव्हते, आईनं पाठवलं.

त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. माझा हात धरायला त्यांचे हात उठत नव्हते. म्हणाले, "वैशू, बठ्ठे गोड बोलतेत. तू सांग. मी उठीन का यातून?"

मी रिपोर्ट पाहिले होते. खोटं बोलायला माझ्या जिभेला वळणच उरलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बोलायचंच होतं. "नाही, आबा," मी म्हटलं.

ते मग म्हणाले, "बरं केलं. कोनी तरी सांगतलं." थोड्या वेळानं आपणच त्या कागदावर आले. त्यांना कुणीतरी डोक्यात भरवलं होतं, की तुमची व्हॅलिडिटी दुसऱ्याच्या फाईलला लावली तर तुमची फाईल पुन्हा उघडतील, आणि त्यात काही निघालं तर पद जाईल. म्हणून ते भ्याले होते. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं वैर असेल, जुन्या बांधाचं भांडण असेल. निदान वैर तरी असायला हवं होतं.

"मग तेव्हाच सांगायचं, की देत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, बाहेर सगळ्यांना ऐकू गेला असेल. "आम्ही दुसरीकडे गेलो असतो. एका शब्दाचं काम होतं, आबा."

"तुले नही कसं म्हनू?" ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा इतका खरा होता, की मला आणखीच संताप आला.

त्यानंतर ते थोडे दिवस जगले. त्या दिवसांत त्यांनी मुलांमध्ये शेत वाटून दिलं. सुरतेला दिलेल्या मुलीला बोलावून घेतलं, तिच्याशी वर्षानुवर्षं अबोला होता तो सोडला. केळीचा मळा डोलीतून एकदा पाहून आले. सगळं जागच्या जागी लावून गेले. लोक म्हणतात, असं मरण भाग्यवंताला येतं. भाग्य कसलं? त्यांना वेळेवर 'नाही' मिळालं. जे मला त्यांनी दिलं नाही, ते मी त्यांना दिलं, आणि त्यांनी त्याचं सोनं केलं. मी डोळे पुसले होते त्यांच्या उशाशी, खोटं कशाला सांगू? पण राग त्यामुळे कमी झाला नाही. माणूस आवडता असला की राग जास्त टिकतो.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. आमदारांपासून ट्रकवाल्यांपर्यंत जो उठला तो एकच बोलला, आबांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. लोक डोळे पुसत होते. मग सूत्रसंचालक माझ्याकडे वळले. म्हणाले, ज्यांच्या डॉक्टर होण्यामागे आबांचे आशीर्वाद होते, त्या आमच्या डॉक्टरताई आता दोन शब्द बोलतील. वडिलांनी माझ्याकडे विनवणीनं पाहिलं. माइक माझ्या हातात आला, सारं पटांगण माना वळवून बघत होतं.

"नाही," मी म्हटलं, आणि माइक परत दिला.