जिनिंगमधली हँडलची गाडी

गेल्या हिवाळ्यात हिमायतनगरला माझ्या नणंदेच्या नातीचं बारसं होतं. नवरा कामानिमित्त बाहेरगावी होता, म्हणून मी आणि सासूबाई दोघीच निघालो. गाडी मी चालवणार होते. आमच्या घरात सगळ्यांत चांगली गाडी मीच चालवते आणि हे आता कुणी नाकारत नाही. अठरा वर्षं झाली, लातूरच्या एका आयटीआयमध्ये मी मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. सुरुवातीला मुलं बाईच्या हातात पाना बघून एकमेकांना कोपरं मारायची. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर एक अख्खं इंजिन खोलून पुन्हा जोडून चालू करून दाखवलं. त्यानंतर कोपरं थांबली.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या चाकूरजवळच्या आमच्या गावी राहतात. वय पंच्याहत्तरच्या आसपास, नक्की त्यांनाही माहीत नाही. लातूरला चार दिवस राहिल्या की पाचव्या दिवशी त्यांना शेत आठवतं. त्या दिवशी सकाळी मी गावी जाऊन त्यांना घेतलं. त्यांच्याजवळ एक पिशवी होती, तिच्यात बाळाचं दुपटं आणि घरच्या तिळाचे लाडू. पट्टा लावायला सांगितला की त्या दर वेळी म्हणतात, "बांधून नेऊन राहिलीस व्हय मला?" आणि मग मुकाट्यानं लावून घेतात.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. लोहा ओलांडल्यावर नांदेडच्या अलीकडं उजव्या हाताला एक बंद पडलेलं जिनिंग आहे. कधीकाळी तिथं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची म्हणतात. आता फाटकावर पत्र्याची पाटी आहे, जुन्या मोटारी आणि फटफट्यांचं संग्रहालय. परीक्षेच्या कामाला नांदेडला जाताना ती पाटी मी दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा घाईत होते. या वेळी गाडीचा वेग मी आपोआप कमी केला.

"कामून थांबली?" आत्यांनी विचारलं.

"जुन्या गाड्या ठेवल्यात इथं. अर्धा तास बघू आणि निघू."

"जुन्या? नव्या काय कमी हायत का बगायला?" असं म्हणत त्या उतरल्या मात्र माझ्या आधी.

खरं सांगायचं तर मनात मी त्यांची व्यवस्था आधीच लावून टाकली होती. सावलीत एखादी खुर्ची बघायची, त्यांना तिथं बसवायचं आणि आपण निवांत फिरायचं. मोटारींचं त्यांना काय असणार, असं मी धरूनच चालले होते.

जिनिंगच्या मालकांनीच आम्हाला आत घेतलं. साठीचे गृहस्थ, अंगात पांढरा सदरा, उजवा हात प्लास्टरमध्ये आणि गळ्यात अडकवलेला. आजोबांनी काढलेलं जिनिंग वडिलांच्या काळात बंद पडलं आणि रिकाम्या शेडमध्ये यांनी एकेक जुनी गाडी आणून उभी केली. इथली काही माणसं मोडीत घालायला निघालेल्या गाड्या यांना बोलावून देतात. माहिती त्यांनी पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून प्रत्येक गाडीसमोर टेकवून ठेवली होती. गर्दी अशी नव्हतीच. त्या वेळी आम्ही दोघीच होतो.

आधी फटफट्यांची रांग होती. एकीचा गिअर टाकीच्या बाजूला, हातानं टाकायचा. एकीला शेजारी पाळण्यासारखी साइडकार. एकीचा दिवा पाणी आणि कार्बाइडवर चालणारा. मी गुडघ्यावर बसून कार्ब्युरेटर बघू लागले, तेव्हा मालकांनी जरा आश्चर्यानं विचारलं, "ताई, तुम्हाला यातलं कळतं?"

"शिकवते मी," मी म्हटलं. त्यानंतर ते माझ्याशी वेगळ्याच उत्साहानं बोलायला लागले.

फटफट्यांच्या पुढं मोटारी होत्या. एका लांबलचक काळ्या मोटारीच्या मागच्या खिडक्यांना जाड पडदे होते. हैदराबादकडच्या कुठल्याशा घराण्यातल्या बायकांसाठी होती म्हणे. आत्या पडदा बाजूला सारून आत डोकावल्या.

"ह्याच्यात बसून बायांला बाहेरचं काय दिसत असंल?"

"काहीच नाही मावशी," मालक म्हणाले.

"मग कशाला जायचं कुठं?" आत्या म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडं वळल्या.

ती पुढची गाडी लहान होती. लाकडी आऱ्यांची चाकं, वर कापडी टप, बाजूला रबरी भोंगा. मुखेडकडच्या एका शेतातल्या कोठ्यात ती कडब्याखाली सापडली होती. मालकांचा सगळा जीव तिच्यावर होता. दोन वर्षं खपून त्यांनी ती चालू केली होती. रोज सकाळी हँडल मारून पाच मिनिटं चालवायचे. बटण दाबून चालू होणारी ती गाडीच नव्हती. समोर रेडिएटरच्या खाली भोक असतं, त्यात लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचं. तीन आठवड्यांपूर्वी त्या हँडलनं उलटा झटका दिला आणि मनगटाचं हाड मोडलं. तेव्हापासून गाडी बंद होती. गावातले दोघे-तिघे येऊन बघून गेले, पण मालकांचा हात बघितल्यावर हँडलला हात लावायला कुणी तयार होईना.

"झटका यायचं कारण सापडलं का?" मी विचारलं.

"नाही ना. ठिणगीची कांडी मी बरोबर मागंच ठेवली होती. शप्पथ."

या जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर एक बारीक कांडी असते. ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, ते तिच्यानं ठरतं. हँडल मारताना ठिणगी उशिरा पडायला हवी. लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट होतो, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मारणाऱ्याचा हात जातो. कांडी खरंच मागं, म्हणजे उशिराच्या बाजूला होती. मी बॉनेट उघडलं आणि मालकांना कांडी पुढंमागं करायला लावली. वर कांडी हलत होती, खाली काहीच हलत नव्हतं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोकडं जाणाऱ्या दांडीची पिन झिजून निसटली होती आणि दांडी नुसतीच लोंबकळत होती.

"तुमची चूक नव्हती," मी म्हटलं. "तुम्ही वर सांगत होतात, पण खाली निरोप पोचत नव्हता."

मालक खाली वाकून बराच वेळ त्या दांडीकडं बघत राहिले. तीन आठवडे ते स्वतःलाच दोष देत असणार. त्यांचा चेहरा सैल झाला. मी माझ्या गाडीतून पक्कड आणि तार आणली. पिनेच्या जागी तार ओवून पक्की पिळली, कांडी पुन्हा हलवायला लावली. आता खालीही हालचाल होत होती. ठिणगी मागं घेतली, पेट्रोल सोडलं, चोक ओढला आणि पदर खोचून हँडलपुढं उभी राहिले. मला पूर्ण खात्री होती.

पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला इंजिन नुसतं खोकलं. मी वरून सगळं वजन टाकून हँडल खाली दाबत होते. चौथ्या-पाचव्या वेळी धाप लागली. सातव्या वेळी हँडल निसटून माझ्याच गुडघ्याला लागलं. शिकवताना मी या पद्धतीबद्दल बोलले होते, फळ्यावर आकृतीही काढली होती. पण आमच्या आयटीआयमध्ये हँडलची गाडी नाही आणि आयुष्यात मी असं हँडल कधी मारलेलं नव्हतं. हे त्या क्षणी मला फार स्पष्ट कळलं.

आत्या इतका वेळ शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पिशवी साइडकारमध्ये ठेवली.

"सरक," त्या म्हणाल्या.

"आत्या, नको. त्यांचा हात बघितला ना?"

"बगितला की. अंगठा बाहीर ठेवला आसंल त्यांनी."

मालक चमकले. "म्हणजे?"

आत्यांनी हँडल हातात धरलं. चारही बोटं खालून, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला, दांडीला वेढा न घालता. "असं धरायचं. उलटं आलं तर हात सुटून जातो. अंगठा आडवा घातला की गेलाच मनून समजा." मग त्यांनी आपला उजवा अंगठा वर करून दाखवला. वरच्या पेरापासून तो आत वाकलेला होता. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो अंगठा पाहत होते. भाकरी थापताना, कापूस वेचताना, माझ्या मुलाला न्हाऊ घालताना. तो जन्मापासूनच तसा असावा असं मी कधीतरी ठरवून टाकलं होतं.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

"इहिरीवरल्या इंजिनानं. तुझे सासरे शाळेवर, दुसऱ्या गावात. रैवारी यायचे. मग रोज पाणी द्यायला इंजिन कोन चालू करनार? मीच. पहिल्या वरसालाच मोडला."

"मग?"

"मग काय? हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. महिनाभर डाव्या हातानं मारलं."

मोटारपंप येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, त्यांनी ते डिझेल इंजिन एकटीनं चालू केलं होतं. एका हातानं हँडल मारायचं, वेग आला की, तोवर इंजिनातला दाब सोडून ठेवणारी कळ दुसऱ्या हातानं पाडायची, आणि इंजिन लागलं की पळत जाऊन पाटाच्या पाण्याची दारं धरायची. मी त्या घरात पंचवीस वर्षं सून होते. रोज वर्गात इंजिनावर बोलत होते. घरी हे सगळं माहीत असलेलं माणूस होतं आणि मी त्यांना कधी एक शब्द विचारला नव्हता. मला लाज वाटली, आणि तेवढाच त्यांचा अभिमानही.

त्या आता इंजिनाभोवती फिरून बघत होत्या. "ह्याला दाब सोडायची कळ कुठंय?"

"याला ती नसते आत्या."

"न्हाई? मग लई येळा फिरवून काय उपेग न्हाई." त्यांनी हँडल हळूहळू फिरवलं. एका जागी ते जड झालं, तिथं थांबल्या. "इथं दाब लागला. आता खालून वर वढायचं. एकच झटका. तू वरून खाली ढकलून राहिलीस, मनून लागंना."

मी स्टिअरिंगवरची कांडी पुन्हा तपासली. खाली जाऊन तारेचा पीळही हातानं ओढून बघितला. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण जे बिघडलं होतं ते मी दुरुस्त केलं होतं, त्याची मला खात्री होती, आणि आत्यांच्या पकडीची तर आता जास्तच खात्री वाटत होती. मी म्हटलं, "मारा."

त्यांनी पदर कमरेला आवळला, डावा हात मडगार्डवर टेकवला, पाय रोवले. एक ओढ. इंजिन घुरघुरलं आणि बसलं. मी चोक जरा आत ढकलला. त्यांनी पुन्हा हँडल दाबाच्या जागी आणलं, श्वास घेतला आणि खालून वर असं ओढलं की त्यांच्या बांगड्या खणकन् वाजल्या. गाडी लागली. सगळी गदगदा हलायला लागली. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज इतका घुमला की आढ्यावरची पारवी भर्रकन उडाली. आत्यांनी हँडल काढून घेतलं आणि दोन पावलं मागं सरल्या, जसं काही रोजचंच काम.

मालक डावा हात बॉनेटवर ठेवून उभे होते. त्यांचे डोळे भरून आलेले दिसले, तेव्हा मी दुसरीकडं बघितलं. मग ते म्हणाले, "मावशी, बसा. एक चक्कर मारू."

"तुमाला एका हातानं येतंय व्हय चालवायला?"

"मला नाही. ताई चालवतील."

त्या गाडीचे पेडल आपल्या गाड्यांपेक्षा वेगळे होते, ॲक्सिलरेटर मधोमध. मालकांनी एकदा समजावलं, मी दोनदा विचारलं आणि मग जिनिंगच्या अंगणात, जिथं पूर्वी कापूस वाळत पडायचा, तिथं मी ती गाडी तीन वेळा गोल फिरवली. आत्या शेजारी बसल्या होत्या, ताठ. दुसऱ्या फेरीला त्यांनी रबरी भोंगा दाबून बघितला. तिसऱ्या फेरीला तर सोडतच नव्हत्या.

निघताना मालकांनी मला सांगितलं की वर्गातली मुलं घेऊन या, हवी ती गाडी उघडून शिकवा. मी फेब्रुवारीत बावीस मुलं घेऊन गेले. त्याआधी गावी जाऊन आत्यांनाही घेतलं. आधी मुलं गालात हसत होती. आत्यांनी एकेकाची पकड तपासली, चौघांना ओरडल्या, एकाच्या अंगठ्यावर टपली मारली. त्या दिवशी बावीसपैकी पाच जणांनाच गाडी चालू करता आली, आणि त्यात दोन मुली होत्या.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्हाला हिमायतनगरला पोचायला दुपारचे तीन वाजले. जेवणं उरकली होती. नणंद दारातच उभी होती, जरा फणकाऱ्यात.

"किती उशीर! गाडी बंद पडली होती का?"

"हाव, पडली होती," आत्या म्हणाल्या.

"तुमची?"

"न्हाई. लोकाची."

एवढंच बोलून त्या आत गेल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं. नणंदेनं माझ्याकडं बघितलं. मी हातपाय धुतले आणि ताटावर बसून तिला सगळं सांगायला सुरुवात केली. तिला आईच्या अंगठ्याची गोष्ट माहीत होती. लहानपणी तीच इंजिनाजवळ डिझेलचा डबा घेऊन उभी राहायची. तिनं मला आणखी चार गोष्टी सांगितल्या, ज्या मी ऐकलेल्या नव्हत्या, आणि आम्ही दोघी जेवण थंड होईपर्यंत बोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांचा उजवा खांदा धरला होता. लेकीला सांगू नकोस म्हणाल्या. मी दार लोटून घेतलं आणि तेल गरम करून त्यांचा खांदा चोळत बसले.