राखेखालची काळी माती

"अरे, हळू घे की जरा! तिथं बकेट नको घालूस."

"का गं मावशी? सोनं पुरलंयस का तिथं?"

"लेकरू पुरलंय."

पोकलेनवाल्यानं दांड्यावरचा हात काढला. रोज तो या बाईची टिंगल करायचा आणि ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दिवस तेवढाच हलका जायचा. आज त्यानं मशीनच बंद केलं.

तिला सगळे पाणीवाली म्हणतात. वीज केंद्राच्या राखेच्या तलावावर ती पाण्याचा पाइप धरते. कोळसा जळून उरलेली राख पाण्याबरोबर वाहत यायची ती इथं. वर्षानुवर्षं साचली, सुकली, टेकडीएवढी झाली. आता ती उकरून नव्या रस्त्याच्या भरावात घालतात. चुना मिसळायचा, पाणी मारायचं, वर रोलर फिरवायचा. दगडासारखी घट्ट बसते. भरताना उडू नये म्हणून पाणीवालीनं ती भिजवायची. तरी उडतेच. संध्याकाळपर्यंत बाईच्या भुवया पांढऱ्या होतात.

तलावाच्या जागी आधी तिचं शेत होतं. बांधाच्या कडेला, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, नवऱ्यानं खड्डा खणला होता. पोर नाव ठेवायच्या आतच गेली. पुढं शेतही वीज केंद्राला गेलं आणि वर राख आली. राख आहे म्हणजे पोर झाकलेली आहे, अशी ती मनाची समजूत घालत राहिली. आता झाकणच निघायला लागलं, तसं तिनं हे काम मागून घेतलं.

"तिथं आता काय राहिलं असेल?" त्या रात्री नवरा म्हणाला.

"मग खड्डा एवढा खोल कशाला खणलास?"

तो भिंतीकडे तोंड करून निजला.

काल विहिरीचा कठडा राखेतून वर आला, तेव्हा तिला जागा उमगली.

"घाबरू नको मावशी," पोकलेनवाला आता म्हणाला. "मातीला हात लावायचाच नाही, असा हुकूम आहे. राखेत माती आली की गाडी बाद. मी वरच्या वर काढतो."

काढलीही त्यानं, दुधावरची साय काढावी तशी. पण राखेखालची जमीन काही ताटासारखी सपाट नसते. एका घासाला बकेट खाली गेलं आणि करड्या राखेबरोबर काळी माती वर आली. पाणीवाली ओरडेपर्यंत ती डंपरात पडलीसुद्धा.

मुकादम धावत आला. "डोळे फुटले का रे? ही माती भरावात गेली तर वर्षात रस्ता खचेल! ओत ती गाडी कडेला."

डंपरनं कडेला ढीग ओतला. पाणीवालीनं पाइप टाकला आणि ढिगात दोन्ही हात घातले. ढेकूळ न् ढेकूळ फोडलं. एक सुकं मूळ निघालं, एक खापरी निघाली. हाड नाही, चिंधी नाही. पोर अजून खालीच आहे, की कधीचीच माती होऊन आता हातात आलीय? सांगणार कोण?

पोकलेनवाला उतरून जवळ आला. "सापडलं काही?"

"काय सापडणार? एवढीशी तर होती."

तिनं ढीग तळव्यांनी थापला. "हा हलवू नकोस."

"बाद मातीला कोण हात लावतंय, मावशी!"

"ए पाणीवाली!" मुकादम तिकडून ओरडला. "राख उडतेय, दिसत नाही का?"

तिनं पाइप उचलला. आधी ढिगावर थोडं पाणी सोडलं, मग राखेकडे वळली.