शेजारच्या सीटवर

गोरेगाव ते सेनगाव जीप चालवणाऱ्या संतरामच्या गाडीत एकच कायदा होता: ड्रायव्हरला कुणी शिकवायचं नाही. शेजारच्या सीटवरचा पाहुणा नुसतं "अहो, हळू" म्हणाला, तरी संतराम गाडी उभी करून त्याला मागं बसवायचा. पोटच्या पोरालाही सवलत नव्हती. लहानपणी विश्वंभर एकदा शेजारी बसून "बाबा, म्हैस!" असा ओरडला. म्हैस वाचली आणि भरल्या गाडीत पोराच्या कानाखाली आवाज निघाला. मोठ्या माणसाला टोकायचं नसतं, हे तो तिथं शिकला. लेकरू मोठं शहाणं, एकदा सांगितलेलं विसरायचं नाही.

तेच लेकरू पुढं पायलट झालं, प्रवासी विमानात कॅप्टनच्या शेजारी बसू लागलं. संतरामची छाती शर्टात मावेना. प्रत्येक पॅसेंजरला सेनगाव येईपर्यंत ते कौतुक ऐकावं लागे, मधे उतरायची सोय नव्हती.

यंदा दिवाळीनंतर विश्वंभर न कळवता घरी आला. धड जेवेना, कुणाशी बोलेना. आई सुमनबाई विचारून थकली. शेवटी जीप धुताना तो बापापाशी बोलला. पायलटांची दर सहा महिन्यांनी परीक्षा होते, जमिनीवरच्या खोट्या विमानात. परीक्षा घेणारे कॅप्टन या वेळी मुद्दाम चुकले होते. धुक्यात धावपट्टी दिसत नव्हती, तरी ते विमान खाली नेत राहिले. विश्वंभरनं त्यांना टोकायचं होतं, ऐकलं नाही तर विमान स्वतःच्या हाती घ्यायचं होतं. तो गप्प राहिला आणि नापास झाला.

"काहून बोलला न्हाईस?"

"सगळं दिसत होतं, बाबा. तोंडच उघडलं न्हाई. केस पांढरे त्यांचे, तुमच्यावानी."

पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा होती. तीही गेली, तर नोकरी जाणार होती.

संतरामला ती म्हैस आठवली. हात पुसत तो म्हणाला, "बस गाडीत. आज मी चुकणार. तू माझ्यावर वरड. शिव्या दे, पर वरड."

रिकामी जीप सेनगावच्या रस्त्याला लागली. वळण आलं तरी संतरामनं स्टिअरिंग फिरवलं नाही. समोर चिंचेचं जुनं झाड होतं.

"वरड!"

विश्वंभरचे पाय खालच्या पत्र्यावर रोवले गेले, ओठ हलले, मान घामानं भिजली.

"वरड रे लेका, दोघं मरून राहिलो!"

शेवटी ब्रेक संतरामनंच दाबला. बंपर खोडाला टेकला. विश्वंभर खाली मान घालून हळूच म्हणाला, "मला ठावं होतं, बाबा. तुमी बराबर ब्रेक मारणार."

संतराम स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. पोरगं पास होणार नाही, हे त्याला तिथंच कळलं.

झालंही तसंच. आठवड्यानं फोन आला. "गेलं, बाबा," एवढंच विश्वंभर बोलला.

आता संतराम शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला विनवतो, "मी चुकलो तर बोला बरं. मोठ्यानं बोला." पॅसेंजर मान डोलावतात. मग समोरून ट्रक येतो, जीप डगमगते, ते सीटची कड घट्ट धरतात आणि गप्प बसतात.