धूळपाटीवरची रांगोळी

आमच्या आळीतले ते गृहस्थ ठाण्याच्या कचेरीत कारकून. 'असो'चा टेकू दिल्याशिवाय त्यांचं वाक्य उभं राहत नसे. "यंदा डास फार. असो."

मुलीला शाळेत धाडलं तर कल्याणात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून ते तिला घरीच शिकवत. ओटीवर पाटी ठेवायची, तिच्यावर धूळ पसरायची आणि बोटानं अक्षरं गिरवायची. दारात कुणी खाकरलं की ते घाईनं तळहातानं धूळ सारखी करत. "पोर रांगोळी काढत्ये. असो." कोपऱ्यात एखादा 'ळ' उरलेला मला दिसे. ते तेवढा वेळ माझ्याकडे बघत नसत.

मलाही माझ्या मुलीला शिकवायचं होतं. कसं, ते विचारायला जायचो आणि रांगोळीचं कौतुक करून परत यायचो.

परवा पुन्हा गेलो, दारात खाकरलो. त्यांचा हात पुढे व्हायच्या आत पोरीनंच पाटी सफाईनं पुसली आणि हसून म्हणाली, "रांगोळी काढत होत्ये, काका. असो."

आम्हा दोघा बापांपैकी कुणालाच मान वर करवेना.